कतीफचे इटलीवाले

वरच्या मजल्यावर आता केरळचं जोडपं राहतं. गुणी माणसं आहेत, सणाला पायसम आणून देतात. पण थंडीत सकाळी इथं सौदीत कतीफवर धुकं उतरतं, खजुरीची झाडं कमरेपासून वर दिसेनाशी होतात, तेव्हा मला अजून वाटतं की भाऊ जिना उतरतील आणि दारात उभे राहून सांगतील, "अक्का, आज नदीला पाणी चढलंय."

कतीफमधे नदी नाय. भाऊंच्या फ्लोरेन्समधे होती.

मी त्यांना भाऊ म्हणायची. बाकी सगळे इटलीवाले म्हणायचे. इटलीला ते जन्मात गेले नव्हते. गाव रत्नागिरीकडचं, माझ्या गावापासून दोन खाड्या ओलांडून. अबकैकला तेलाच्या प्लांटवर पाइपांचे नकाशे काढायचे. तिथं त्यांच्यासोबत एक म्हातारा इटलीचा माणूस कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या गावातल्या एका लिहिणाऱ्याची गोष्ट सांगायचा. सातशे वर्षांपूर्वीचा लिहिणारा. तो म्हातारा नोकरी संपवून आपल्या देशाला गेला, पण गोष्ट भाऊंच्यात राहून गेली. एखाद्याच्या अंगात देव येतो आणि जायचंच विसरतो, तशी.

मी इथं लेकीकडे राहते. लेक हॉस्पिटलात नर्स आहे. जावई जहाजावर, वर्षातनं थोडे दिवस घरी. नात झाली तेव्हा तिला सांभाळायला आले, ती आता माझ्यापेक्षा उंच झाली आणि मराठीत विचारलं तर इंग्लिशमधे सांगते. ओळखीच्या दोन-चार मराठी माणसांना मी डबा द्यायची, त्यात भाऊ. पण ते डबा वर न्यायचे नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून जेवायचे. आणि भाकरी अळणी मागायचे. फ्लोरेन्सकडे भाकर अळणीच करतात म्हणे. मी उकडीत मीठ घालायच्या आधी त्यांच्यापुरता गोळा बाजूला काढून ठेवायची. पानात मात्र सुरमईची कढी खारट लागली तरी चालायची. ती कोकणातली होती ना.

पहिल्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळी दारात आले, तोंड पांढरंफटक.

"निकाल लागला, अक्का."

"कसला निकाल?"

"त्याला गावबंदी. परत आला तर जिवंत जाळणार."

मी जमिनीवरच बसले. मला वाटलं, यांचं कोणीतरी रियाधला पोलिसांच्या हातात सापडलं. लेकीला हाक मारली, ती प्रेशर मोजायचं मशीन घेऊन धावत आली.

"कोण, सख्खा भाऊ का तुमचा?"

"नाय. तो लिहिणारा."

"कधी झालं हे?"

भाऊंनी थोडा विचार केला. "झाली असतील सातशे वर्षं."

लेकीनं तरी त्यांचं प्रेशर मोजलं. वाढलेलं होतं. नात बोलली, "आजी, अंकल इज मॅड," आणि आपल्या खोलीत गेली. माणूस दारात आलाच होता, तर मी पान वाढलं आणि विचारलं, की का हाकलला एवढा.

त्यांनी माझी भांडीच पुढं ओढली. भाताचं पातेलं ही एक बाजू, आमटीचं ही दुसरी. "या बाजूनं त्या बाजूला गावाबाहेर काढलं. मग जिंकलेल्यांच्यातच दोन झाल्या. पांढरे आणि काळे."

"भांडण कशावरून?"

"कशावरून असतं? कोण पुढं चालणार आणि कोण मागं."

हा लिहिणारा पांढऱ्यांतला. थोडे दिवस गावाचा पंच झाला होता. मग त्याला त्यांच्या मोठ्या धर्मगुरूकडे बोलणी करायला पाठवलं. तो तिकडे, आणि मागं काळे गावात शिरले. घर लुटलं. माणूस हजर नाय, त्याला विचारलं नाय, आणि निवाडा करून मोकळे.

"म्हणजे वाळीत टाकला," मी बोलले.

भाऊंनी हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. "हां," बोलले. "वाळीत टाकला."

तेव्हापासून तो लिहिणारा माझ्याही ओळखीचा झाला.

वाळीत म्हणजे काय ते आमच्या कोकणात कोणाला समजवावं लागत नाय. गावकीनं टाकलं की कोणी बोलत नाय. तुम्ही विहिरीवर असाल तर बाकीच्या बायका लांब थांबतात. शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते, अंगणात नाचते, बायका तिची ओटी भरतात. तुमच्या दारावरून ती तशीच पुढं जाते. आम्हाला टाकलं होतं, सासऱ्यांनी देवळाच्या वाटेसाठी जमीन सोडली नाय म्हणून. सासरे मेले तरी ते चालूच राहिलं. माझा नवरा तापात गेला तेव्हा उचलायला दीर आणि त्याचे दोन मुलगे. चौथा खांदा मी दिला. बाईनं द्यायचा नसतो. पण माणूस उचलायचा तर होता.

भाऊंना हे मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी येताना मासळीबाजारातून झुबैदी घेऊन आले. आपलं पापलेटच ते. माझ्यासाठी, साफ करून आणलेलं.

आमच्या अरब घरमालकाची गावाबाहेर खजुरीची बाग आहे. सुट्टीच्या दिवशी तो आम्हाला गाडीत घालून न्यायचा. तिथं पूर्वी झऱ्याचं पाणी खेळायचं, आता पाट कोरडे पडलेत. भाऊंनी त्या बागेत फ्लोरेन्स वसवलं होतं. कोरडा पाट ही नदी. पाटावर टाकलेली फळी हा पूल. पंपाची खोली म्हणजे ते देऊळ, जिथं गावातल्या पोरांना पाणी शिंपडून नाव देतात. घरमालक मान हलवून सगळं ऐकायचा. त्याला हिंदी येत होती मोडकीतोडकी, तेवढ्यावरच तो पांढऱ्यांच्या बाजूचा झाला होता. काळ्यांचं नाव निघालं की हात झटकायचा, "खलास, खराब लोग."

धुक्यात तर ते गाव खरंच दिसायचं. मी फळीवर उभी, पायाखाली पाणी नाय, पण थंडावा वर यायचा. भाऊ पुढं, त्यांची पाठ अर्धी धुक्यात. "सांभाळून अक्का, बाजाराचा दिवस आहे, गर्दी आहे," म्हणायचे आणि मी पण खांदा चोरून घ्यायची. कशाला ते सांगता येत नाय. आसपास फक्त कबुतरं.

"इथं," एकदा ते पुलाच्या टोकाला थांबून बोलले, "इथं त्यानं एक मुलगी बघितली. लहानपणी एकदा बघितलेली, मग मोठेपणी. नमस्कारापुरतं बोलणं. ती तरुणपणीच गेली. आणि हा जन्मभर तिच्यावर लिहीत राहिला."

"लग्न झालं होतं ना त्याचं?"

"झालं होतं. दुसरीशी."

"पोरं?"

"होती की."

"मग याला हाकलल्यावर बायको कुठं गेली?"

"ती गावातच राहिली म्हणतात."

"त्याच गावात? वाळीत टाकलेल्याची बायको? आणि तिचं काय झालं?"

भाऊ फळीवर उभे राहिले. "माहीत नाय, अक्का. तिच्याबद्दल त्यानं एक ओळ लिहिलेली नाय."

घरमालकानं खजूर धुऊन दिले ते खाल्ले. पण परतताना गाडीत माझ्या डोक्यात तीच बाई. चुलीला विस्तव मागायला ती कोणाच्या दारात जात असेल. पोरांना ताप आला तर.

मग कितीतरी दिवस भाऊंनी गोष्टच काढली नाय. यायचे, जेवायचे, ताट विसळून ठेवायचे. आणि एक दिवस मधेच बोलले, "माझी आई आहे गावात."

तेव्हा मला कळलं की सातशे वर्षं मधे घालून हा माणूस कशाभोवती फिरतोय.

त्यांच्या गावातही दोन वाड्या. पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचणार यावरून एका शिमग्याला काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं. कोर्टात भाऊंना साक्षीला बोलावलं, तेव्हा तरुण होते, गावात शिकलेले तेवढेच. त्यांनी जे बघितलं ते सांगितलं. पहिली काठी आपल्याच वाडीची. त्यांच्या चुलतभावाला शिक्षा झाली. आणि त्यांच्याच वाडीनं त्यांना टाकलं. समोरच्या वाडीनं पण जवळ केलं नाय, आपल्यांचा न झालेला माणूस आपला काय होणार म्हणून. मुलगी कोण देणार. ते इकडे निघून आले. धाकटा भाऊ गावकीत राहिला, राहणं भाग होतं. आणि आई म्हणाली, मी माझ्या घरातून हलणार नाय. तेव्हापासून पालखी तिच्या दारावरून पुढं जाते. ती दर शिमग्याला अंगण सारवते, सुपात ओटी काढून ठेवते, आणि पालखी गेली की ते तांदूळ परत डब्यात ओतते. लेकाशी फोनवर बोलायची, पण घरात, दार लावून. चारचौघांत नाव घ्यायची नाय.

मी ऐकून घेतलं. दोन खाड्या ओलांडूनही शिमगा सारखाच.

मागं एका वर्षी रमजानातच शिमगा आला होता. त्याच्या आधी भाऊंच्या भावाचा फोन आला, माझ्याच स्वयंपाकघरात. आईचं आता काही खरं नाय. डोळे गेलेत अर्धे, कान त्याहून जास्त. तिचं एकच चाललंय, मरायच्या आधी पालखी दारात येऊ दे. गावकी तयार झाली होती. भाऊंनी पालखीपुढं यायचं, रिवाजाप्रमाणं आपलं पायतण डोक्यावर घ्यायचं आणि म्हणायचं, मी खोटी साक्ष दिली, पदरात घ्या. एवढं झालं की पालखी आईच्या अंगणात.

भाऊंना जाता येत नव्हतं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवा व्हायचा होता, कागद अडकला होता. ते गावकीला कळवलं तर गावकी म्हणाली, हरकत नाय, व्हिडिओ कॉल करा. फोन पालखीपुढं धरू. त्यात दिसलं म्हणजे झालं.

भाऊ चार दिवस जेवायला आले नाहीत. मग मीच भाकरी घेऊन वर गेले. खिडकीत बसले होते, समुद्राकडे तोंड करून. इथला समुद्र पूर्वेला. ते नेहमी म्हणायचे, आपल्याकडे पाण्यात बुडालेला सूर्य इथं पाण्यातून वर येतो, मधे कुठं जातो ते कोणाला ठाऊक नाय.

"त्याला पण असंच बोलावलं होतं, अक्का," बोलले. "दंड भर, हातात मेणबत्ती धर, देवळात चालत ये, चुकलो म्हण, गावात घेतो. त्यानं नाय म्हणून कळवलं. परगावातच मेला."

"त्याची आई होती का तेव्हा?"

"नाय. तो लहान असतानाच गेली."

"मग त्याला सोपं गेलं," मी बोलले.

भाऊंनी माझ्याकडे वळून बघितलं. रागावले असतील असं वाटलं. पण विचारलं काय, तर, "तुम्ही काय केलं असतं?"

"मी केलंय."

त्यांना हे माहीत नव्हतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी गावकीपुढं गेले होते. सासऱ्यांची चूक, नवऱ्याची चूक, माझी चूक, सगळं म्हटलं. चपला डोक्यावर घेऊन.

"कसं वाटतं?" भाऊंनी विचारलं. नातीनं पहिल्यांदा विमानात बसताना विचारलं होतं, तसं.

"हलकं असतं. आपलीच चप्पल ती. मान दुखत नाय. नंतर पायात घालताना जरा वेळ लागतो."

"पण मी खरं बोललो होतो, अक्का."

"माहीत आहे. देवीला पण माहीत आहे. तिच्यासमोर खोटं बोललात तर ती काय फसणार आहे? फसायचीत ती माणसं फसतील. म्हातारीला ओटी भरू द्या."

त्यांनी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पालखीची वेळ झाली तेव्हा मगरिबची, म्हणजे सूर्य बुडल्यावरची, बांग व्हायला अजून वेळ होता. रोजे सोडायची वेळ जवळ आली की गल्ली सुनसान होते, कढईचा तेवढा आवाज येतो घराघरांतून. भाऊ स्टुलावर बसले. पांढरा सदरा घातला होता. चप्पल काढून मांडीवर घेतली होती, उजव्या पायाची. मी समोर फोन धरून बसले. लेक ड्युटीवर होती.

फोन लागला. तिकडे अंधार पडलेला, गॅसबत्त्या, गुलाल, ढोल. भाऊंच्या पुतण्यानं फोन फिरवून दाखवला. पालखी वाटेत थांबलेली, भाऊंच्या घराच्या जरा अलीकडे. खांदे देणारी पोरं जागच्या जागी झुलत होती. पलीकडे ओट्यावर म्हातारी बसलेली दिसली. मांडीवर सूप.

गावकीचा अध्यक्ष पुढं आला. भाऊंच्याच वर्गातला.

"आवाज येतोय का रे सौदीत?"

"येतोय."

"मग बोलून टाक. दोन वाक्यं आहेत. पुढं अजून सात घरं जायचंय."

मागून कोणीतरी बोललं, "लवकर सांगा त्याला, नेट जाईल." माणसं हसली.

"आधी पायतण डोक्यावर घे," अध्यक्ष बोलला. "दिसलं पाहिजे सगळ्यांना."

पुतण्या बोलला, "काकी, फोन जरा मागं घ्या, नुसतं तोंड दिसतंय."

मी फोन मागं घेतला नाय. कशाला घेतला नाय ते मी नक्की सांगू शकत नाय. आदल्या दिवशी मीच बोलले होते, करा म्हणून. पण माझा हात हलला नाय. तिकडे नुसतं भाऊंचं तोंड दिसत राहिलं.

"काकी, ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी बोलले.

तेवढ्यात तिकडचा फोन हलला. आभाळ दिसलं, कोणाचातरी कान दिसला, मग एकदम म्हातारीचं तोंड, एवढं जवळ की एकच डोळा. ओट्यावरून उतरून ती वाटेत आली होती आणि नातवाच्या हातातून फोन काढून घेतला होता.

"जेवलास काय रे?" ती बोलली. सगळ्या गावकीसमोर, ओरडून. बहिरी माणसं बोलतात तशी.

ढोल थांबला.

"नाय अजून," भाऊ बोलले.

"एवढ्या उशिरापर्यंत उपाशी कशाला बसतोस? जेव आधी."

अध्यक्षाचा आवाज आला, "आये, त्याच्याशी असं बोलायचं नाय. अजून घेतलेला नाय त्याला."

"तू गप रे. तुला दोन पायांवर घेऊन न्हाऊ घातलाय मी."

कोणी हसलं नाय. वाळीत टाकलेल्याशी जो चारचौघांत बोलतो तोही वाळीत जातो, असा नियम. आता या म्हातारीला काय टाकणार, तिला टाकलेलंच होतं. सगळे तसेच उभे. आणि मग पालखी हलली.

ज्यानं शिमगा बघितलाय त्याला सांगायला नको. पालखी कधीकधी ओढते. खांद्यावरच्या पोरांच्या हातात काही राहत नाय, देवीला जायचं तिकडे ती नेते, आणि देवीनं नेलं म्हटल्यावर मानकऱ्याला काही विचारता येत नाय, गावकीला काही बोलता येत नाय. फोनमधे नुसतं हलताना दिसत होतं. गुलाल, खांदे, दांडा. "ओढली, ओढली," लोक म्हणत होते. पुतण्या धावत होता. मग फोन थांबला तेव्हा पालखी अंगणात होती, सारवलेल्या जमिनीवर पोरांचे पाय उमटत होते, आणि म्हातारी चाचपडत, हात पुढं करून, सूप घेऊन तिच्याकडे चालली होती.

अध्यक्ष म्हणताना ऐकू आला, "देवीची इच्छा. ढोल वाजवा."

देवीची इच्छा असेल. मी तर म्हणते, वीस-बावीस वर्षांची पोरं होती खांद्याखाली, भांडण झालं तेव्हा त्यांचा जन्म पण झाला नव्हता. आम्हाला टाकलं होतं तेव्हा आमच्या दारावरून पालखी गेली, तिला कोणी ओढली नाय. पण त्याचं आता काही नाय.

नेट गेलं. फोन काळा झाला. बाहेर बांग सुरू झाली.

भाऊ बोलले, "त्याच्या गावात पालखी नव्हती, अक्का."

मी पान वाढलं. ते जेवले. आई बोलली होती ना जेव म्हणून.

इकामा झाला, आणि त्याच उन्हाळ्यात भाऊ कायमचे गावाला गेले. आई त्यानंतर दोन शिमगे बघून गेली. खांदा द्यायला दोन्ही वाड्या होत्या, असं पुतण्यानं सांगितलं. तो सणावाराला फोन करतो मला. म्हणतो, काकी, इथं पोरं अजून सांगतात. साऱ्या गावकीनं सांगितलं पण आमच्या काकांनी पायतण डोक्यावर घेतलं नाय. चार माणसं जमली की भाऊ त्यांना त्या इटलीच्या लिहिणाऱ्याची गोष्ट सांगतात आणि पोरं म्हणतात, आमचे काका पण तसलेच.

मी म्हणते, हो रे बाबा.

फोनमधे नुसतं तोंड दिसत होतं. तोंडाच्या खाली काय चाललं होतं ते मी एकटीनं बघितलं. आई बोलायच्या आधीच भाऊंनी मांडीवरची चप्पल उचलली होती. हात कानापर्यंत आला होता. ओठ उघडले होते. मग आई जेवलास काय म्हणाली, आणि तो हात तसाच वर राहिला, पालखी अंगणात जाईपर्यंत. चप्पल त्यांनी खाली कधी ठेवली ते त्यांना पण कळलं नसेल.

त्या लिहिणाऱ्यानं नाय म्हणून कळवलं, असं सगळे सांगतात. कळवलं असेल. पण त्याच्यासमोर त्या वेळेला कोण बसलं होतं, ते कोणी सांगत नाय.